वळायला नकार देणारा ट्रॅक्टर

स्टिअरिंगचं चाकच नसलेला ट्रॅक्टर पाहिलाय कधी? रणगाड्यासारखा लोखंडी पट्ट्यांवर चालणारा! अमेरिकेत १९३८ ते १९५७ या काळात बनलेला कॅटरपिलर डी-२ हा त्यातलाच. असली म्हातारी यंत्रं उघडून बसायची मला भारी हौस!

मग तो वळतो कसा? दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळा क्लच असतो. क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या, स्प्रिंगांनी घट्ट दाबलेल्या चकत्या. डावा दांडा ओढला की डावीकडच्या चकत्या सुटतात, त्या पट्ट्याला इंजिनाची ताकद मिळत नाही. उजवा मात्र रेटत राहतो, आणि ट्रॅक्टर डावीकडे वळतो. झटकन वळायचं तर डावा ब्रेकही दाबायचा.

पण वर्षानुवर्षं पावसात उभा राहिला, की चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. मग दांडा कितीही ओढा, स्वारी आपली सरळच! इथे घण कामाचा नाही, चकत्या वाकतात. सीट वगैरे उतरवायची, क्लच बाहेर काढायचा, एकेक चकती हळूच सोडवून गंज घासायचा. हा क्लच कोरडाच हवा. गिअरकडचं तेल आत झिरपलं तर चकत्या घसरतात. म्हणून तेल अडवणारं सीलही बदलायचं, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात!

आणि उतारावर तर उलटाच कारभार! मागचं ओझं ढकलत असताना डावा दांडा ओढला, तर मोकळा झालेला डावा पट्टाच जास्त पळतो आणि ट्रॅक्टर उजवीकडे वळतो! म्हणून दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मी सपाट मैदानातच मारतो. बघायला जमलेल्या पोरांना आधी कुंपणापलीकडे पिटाळून.