सा ग प, सा ग प

मिरजेत तंबोरे घडवणाऱ्यांच्या शेजारात तिचं बालपण गेलं. घरात पेटी होती आणि वडिलांनी जपलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची रेकॉर्ड. संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांची. काब्रा गिटार आडवी ठेवून तारांवरून धातूचा बार सरकवत राग मांडायचे, हे तिला पुढे कळलं. लहानपणी मनात भरली ती मींड.

नोकरीमुळे ती नॉर्थ कॅरोलिनातल्या राली शहरात आली. तिथे ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या बैठकीत बँजो आणि फिडलच्या गलक्यातून तसलीच मींड ऐकू आली. वाजवणाऱ्याने वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवून आडवं धरलं होतं. ती डोब्रो होती, म्हणजे रेझोनेटर गिटार. चाळिशी उलटल्यावर तिने स्वतःसाठी एक घेतली.

या गिटारचा जन्म आवाज मोठा करण्याच्या गरजेतून झाला. विजेवर चालणारी गिटार यायची होती, आणि नाचाच्या बँडमध्ये साधी गिटार बुडून जायची. लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपेरा या स्लोव्हाक कारागिराने तारांचं कंपन ॲल्युमिनियमच्या पातळ शंकूंवर नेलं. १९२७ मध्ये तीन शंकूंची ‘नॅशनल’ आली आणि पुढच्याच वर्षी भावांसोबत केलेली एका शंकूची ‘डोब्रो’. डोब्रोची घोडी आठ पायांच्या कोळ्यासारख्या सांगाड्यावर उभी असते. १९५५ मध्ये जॉश ग्रेव्हज हे वादक फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या ब्लूग्रास बँडमध्ये आले. अर्ल स्क्रग्जची तीन बोटांनी बँजो वाजवण्याची शैली त्यांनी डोब्रोवर आणली आणि ब्लूग्रासमध्ये या वाद्याची जागा पक्की झाली.

साध्या गिटारवर नवशिक्याला कॉर्ड म्हणजे बोटांचे आकार पाठ करावे लागतात. इथे आकार तारांतच जुळवलेला असतो. जाड तारेपासून जी, बी, डी, जी, बी, डी. पांढरी पाचला सा धरला की सा ग प, सा ग प! पेटीवर वाढलेल्या मुलीला याहून ओळखीचं काय असणार? तारा इतक्या उंच असतात की त्या पडद्यांना टेकतच नाहीत. पडदा म्हणजे फक्त खूण. बार नेमका त्या खुणेवर धरायचा, जरा मागे राहिला की सूर उतरला. पाचव्या पडद्यावर मध्यमाची कॉर्ड, सातव्यावर पंचमाची, बाराव्यावर वरचा सा. सा च्या तारेवर २, ४, ५, ७, ९, ११ या पडद्यांनी चढत गेलं की बिलावलचे शुद्ध स्वर हजर.

गांधाराच्या तारा ती पेटीपेक्षा किंचित उतरत्या लावते. पुष्कळ डोब्रोवादक तसंच करतात. कॉर्डमधली थरथर त्याने विरते. तंबोऱ्याच्या खर्जात आपोआप उमटणारा असाच उतरता गांधार तिच्या कानात लहानपणापासून आहे.

अडचण मायनर कॉर्डची. कोमल गांधार हवा, आणि सरळ बार कुठेही ठेवा, सहा तारांतून मेजरच निघते. यावरचा उपाय तिला या वाद्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ई मायनर हवी असेल तर मोकळ्या तारांतले जी आणि बी एवढेच छेडायचे आणि ई बैठकीतल्या डबल बासवाल्याकडे सोपवायचा. त्याचा ई सा झाला की तिचा जी कोमल गांधार होतो आणि बी पंचम. तिचे सूर तेच राहतात, नातं बदलतं. तसंच डी सेव्हन्थसाठी सातव्या पडद्यावरून तीन पडदे वर जाऊन पातळ दोन तारा वाजवायच्या: डीला सा धरला तर पंचम आणि कोमल निषाद. तिसरी तार मात्र टाळायची, नाहीतर कोमल गांधार घुसतो. म्हणजे शिकायचं ते कोणते सूर गाळावेत हे, आणि बारच्या मागे डाव्या हाताची बोटं टेकवून नको ते कंपन दाबायचं.

एकटीने सराव करताना मायनर अपुरीच वाटते. म्हणून ती बैठकीला जाते आणि बासवाल्याच्या शेजारची खुर्ची धरते.

जेरी डग्लस आणि विश्वमोहन भट्ट यांनी एडगर मेयरसोबत १९९५ मध्ये ‘बर्बन अँड रोझवॉटर’ केलं. डोब्रो, मोहनवीणा आणि डबल बास. ती रेकॉर्ड ती सरावानंतर लावते. सध्या तिरक्या बारवर, म्हणजे बार तिरका धरून वेगवेगळ्या तारांवर वेगळे पडदे गाठण्यावर, मेहनत चालू आहे. वर पडदे जवळजवळ येतात, त्यामुळे पाचव्याला बसलेला कोन बाराव्याला चालत नाही, आणि प्रत्येक जागेचा तिरकेपणा कानानेच शोधावा लागतो.