गुहेतली पिल्लं

2012 साली मी नववीत असताना बाबांनी 'फ्रोझन प्लॅनेट'चा डीव्हीडी संच आणला. बर्फाखालच्या गुहेत ध्रुवीय अस्वलाची मादी आणि तिची नुकतीच जन्मलेली पिल्लं. बाबा म्हणाले, "कॅमेरावाला आत शिरला कसा असेल रे?"

शिरला नव्हताच. ते जन्माचं दृश्य नेदरलँड्समधल्या एका प्राणिसंग्रहालयात टिपलं होतं. ब्रिटनमध्ये त्यावरून आधीच गदारोळ होऊन गेला होता. मला ते कॉलेजात कळलं आणि भयंकर राग आला. त्याच रागात डिस्नेच्या 'व्हाइट वाइल्डरनेस'बद्दल वाचलं. 1958चा, ऑस्कर मिळालेला. त्यात लेमिंग समुद्रात उड्या घेतात. प्रत्यक्षात चित्रीकरण कॅनडातल्या अल्बर्टात झालं, जिथे समुद्रच नाही. लेमिंगही बाहेरून आणलेले, कड्यावरून लोटलेले. 1982 साली सीबीसी वाहिनीने हे उघड केलं, पण लेमिंग आत्महत्या करतात हा समज काही गेला नाही.

तेव्हा मला दोन्ही एकाच माळेचे मणी वाटले. आता नाही वाटत. खऱ्या गुहेत कॅमेरा घुसवला असता तर बिथरलेल्या आईने पिल्लंच मारली असती. तरी पडद्यावर एक ओळ टाकायला काय हरकत होती? आम्ही नकली डेटा वापरला तर कोडमध्ये तसं लिहितो. (निदान लिहायला हवं.)

बाबांना मात्र मी सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत माळा आवरताना तो संच सापडला, तेव्हा सांगून टाकलं. ते जरा गप्प झाले. मग बोटांवर वर्षं मोजत म्हणाले, "म्हणजे ती पिल्लं आता केवढी झाली असतील!"