निद्रेची मोजदाद

रिकामेपणाला आपण एकच नाव देतो; प्रोसेसर मात्र त्याच्या पायऱ्या मानतो. सी-१ ही डुलकी, तर सी-६ ही गाढ निद्रा. निद्रा जितकी गाढ, तितकी विजेची बचत अधिक आणि जागे होण्यास विलंबही अधिक. लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीत २००८ साली आलेली 'सीपीयूआयडल' ही व्यवस्था पुढचे काम केव्हा येईल याचा अंदाज बांधून पायरी निवडते आणि प्रत्येक पायरीवर गेलेले मायक्रोसेकंद नोंदवते. हे आकडे वारंवार वाचावेत, तर ते वाचनच निद्राभंग करते. म्हणून चाचणी घेताना आम्ही ते दोनदाच वाचतो : आरंभी आणि शेवटी. मधला काळ प्रोसेसरचा. रिकाम्या माणसाला वरचेवर हटकणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.