घेतलेली टेकडी

कोल्हापुरात तीन दिवस होतो. अंबाबाईचं दर्शन झालं, पन्हाळा झाला, जोतिबाच्या गुलालानं सदरा रंगला. पण सांगावं असं घडलं ते शेवटच्या रात्री, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर.

पिशवीत लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांचं आत्मचरित्र होतं. त्यांच्यापायीच तर या गावी आलो होतो. जन्म १९०६चा, सँडहर्स्टला शिकलेला हा कोल्हापूरचा माणूस. मराठी माणसाची लढाई पानिपतावर संपते, तिच्यापुढं आपण फक्त किल्ले चढतो, याचा मला मनापासून राग आहे. इतक्या अलीकडचा सेनानी, आणि रिक्षावाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत कुणालाच नाव आठवेना.

कट्ट्यावर म्हशी ओळीनं उभ्या. गवळी समोरच धार काढतो आणि फेसानं भरलेला कोमट पेला हातात देतो. त्याची चव बाटलीतल्या दुधाला कधीच येणार नाही. नुकतीच सर पडून गेलेली, त्यामुळं पायाखाली नुसता रेंदा. मी दिव्याखाली पुस्तक उघडलं. शेजारचे एक म्हातारे आबा वाकून बघू लागले.

“काय वाचालाय पावणं?”

मी सांगितलं. ते शिरोळकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त झालेले हवालदार निघाले. वडील बर्मात लढलेले. थोरातसाहेबांचं नाव त्यांना ठाऊक होतं. “पलटण पंजाबी, पर सायेब आपला,” म्हणाले.

मी कांगॉची लढाई सांगू लागलो. जानेवारी १९४५, बर्मातला आराकानचा किनारा. ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली: थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. जपान्यांची माघारीची वाट अडवायची होती. खाड्या, खारफुटी, चिखल, आणि वर जपानी. थोरातांच्या पलटणीनं ‘मेलरोझ’ नावाची टेकडी संगिनी लावून घेतली. तिघांनाही डीएसओ हे पदक मिळालं.

“थांबा,” आबा म्हणाले. हातातला पेला रिकामा करून त्यांनी रेंद्यात उपडा घातला. “ही तुमची टेकडी. आता हितनं या.” त्यांनी पायताण काढलं, अनवाणी टाच चिखलात दाबली आणि उपसली. पचाक् आवाज झाला. “ह्यो एक पाय. पाठीवर वझं, हातात रायफल, तिच्या तोंडात चिखल जाऊन चालत न्हाई. पळायचं म्हटलं तरी पळता येत न्हाई. आन् वरनं मशीनगन. संगीन लावा म्हटलं की समजायचं, आता अंगाला अंग भिडणार.”

मी ते पान चार वेळा वाचलं होतं. टाच उपसण्याचा तो आवाज मात्र त्यात मला एकदाही ऐकू आला नव्हता.

“घेतली, ते कळलं. धरली का?”

“धरली.”

“मग खरं. घेनाऱ्याला पदक मिळतंय. पर वर पानी, गोळी, भाकर पोचत नसंल तर टेकडी आपली न्हवं.”

मी पुस्तकाची मागची पानं उलटली. पुढं थोरात कोरियात गेले. १९५३-५४ साली, मायदेशी परतायला नकार देणारे हजारो युद्धकैदी भारतीय फौजेच्या ताब्यात होते आणि त्या फौजेचे प्रमुख थोरात. मग लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख झाले. तिथं ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, बचावाचा आराखडा लिहिला. सरहद्दीवरच्या चौक्या फक्त नजर ठेवायला; खरी लढाई मागं, जिथवर आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते तिथं. मार्च १९६०मध्ये लखनौला ‘लाल किला’ सरावात त्यांनी चिनी हल्ला कसा येईल ते मांडूनही दाखवलं. दिल्लीत तो कागद बाजूला पडला. १९६१मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आले कांगॉचेच सोबती सेन. पुढल्या वर्षी तो चिनी हल्ला आला आणि रसद न पोचणाऱ्या चौक्यांवर आपली पोरं मेली.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “म्हंजे सायबाला ठावं हुतं.”

त्यांनी पेला उचलला. खालच्या चिखलात गोल खूण राहिली होती, तिच्यात पाणी भरू लागलं. बादलीत पेला खळबळून त्यांनी गवळ्यापुढं धरला.

“पावण्यास्नी आनी एक भर.”