मोतीबाग स्टेशन

यवतमाळ जिल्हा बघायला निघालेल्या माणसाला दारव्हा लागतं ते वाटेत. वाघ बघायचे तर टिपेश्वर, चिंतामणीचं दर्शन घ्यायचं तर कळंब, रंगनाथस्वामींसाठी वणी. दारव्हा तालुक्यात धामणगाव देवला मुंगसाजी महाराजांच्या समाधीशी गर्दी असते, पण ती भक्तांची गर्दी. ती नारळ-अगरबत्ती घेऊन येते, कॅमेरे घेऊन नाही. खुद्द दारव्हा गावात गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस दिसला, की तो कशासाठी आलाय हे कुणी विचारत नसे. पानठेल्यावरचा पोरगाही आपणहून मोतीबागेकडे बोट करायचा.

मोतीबाग हे आमचं स्टेशन. मूर्तिजापूरहून निघून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी छोट्या रुळांची शकुंतला इथे थांबायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, आणि मूर्तिजापूरहूनच दुसरीकडे अचलपूरला जाणारा ७६ किलोमीटरचा फाटा. दारव्ह्याहून पुसदकडेही कधीकाळी गाडी जात होती, ती महायुद्धात उखडून नेली, असं जुनी माणसं सांगत. आम्ही पोरं पुसदच्या वाटेला रूळ शोधत फिरायचो. सापडले कधीच नाहीत.

यंदा बऱ्याच वर्षांनी मोतीबागेत गेलो. आता तिथे जाऊन बघायचं काय, असं घरच्यांनी विचारलं होतं, आणि तेही बरोबरच होतं. गाडी बंद पडून वर्षं झाली. रुळांत बाभळी उठल्यात. काही ठिकाणी रूळ मातीखाली गेलेत, काही ठिकाणी नुसतीच त्यांची दिशा उरलीय. अडीच फुटांची रुंदी. लहानपणी दोन रुळांवर दोन पाय टाकून उभं राहायला माझ्या तंगड्या पुरत नसत, त्यावर पैजा लागत. या खेपेला सहज उभा राहिलो. पलीकडे शेळ्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि हाही त्या फोटोवाल्यांपैकीच, असं ठरवून तोंड फिरवलं.

त्या फोटोवाल्यांवर माझा राग आहे. माणसं भली असत. गाडीच्या टपावर बसत, शेतातून धावत तिचे फोटो काढत, चहा प्यायला घालत. पण त्यांनी जे जे लिहिलं त्यात पहिली ओळ ठरलेली: देशातली शेवटची इंग्रजांच्या मालकीची रेल्वे. वाचणाऱ्याला वाटावं, की आम्ही रोज सकाळी लंडनच्या एखाद्या साहेबाची परवानगी काढून लाडखेडला जात होतो. किलिक निक्सन ही पेढी १८५७ साली निघाली ती मुंबईत. साहेबांनीच काढली, पण मुंबईत. तिने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली, कारण वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळांपर्यंत पोचवायचा होता. गावोगावच्या जिनांतून सरकी निघालेल्या रुईच्या गठाणी छोट्या गाडीतून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला, मुंबईहून बोटीने मँचेस्टरला. ज्या वाफेच्या इंजिनाने माझं बालपण ओढलं तेही मँचेस्टरचंच, १९२१ सालचं. कापूस तिकडे गेला आणि इंजिन तिकडून आलं. या देवघेवीत पऱ्हाटी लावणाऱ्याच्या हाती काय पडलं, हे यवतमाळ जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढे देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तेव्हा ही रेघ तेवढी कंपनीकडे राहिली. गाडी चालवायची सरकारी रेल्वेने आणि मालकीचा मोबदला घ्यायचा कंपनीने, असा करार. करार संपायचा, वाढायचा. पेपरात मालकीवरून बातम्या यायच्या.

गाडीत बसणाऱ्यांत या बातम्या वाचणारं कुणी नव्हतं. माझी आत्याबाई तर नव्हतीच. तिला वाचता येत नव्हतं.

आत्याबाई लाडखेडला दिलेली. दारव्ह्याहून यवतमाळकडे निघालं की आधी तपोना आणि मग लाडखेड. डांबरी रस्ता होता, एसटी होती, पण एसटीत तिला मळमळायचं. कानाला रुमाल बांधून, लिंबू हुंगत ती कशीबशी उतरायची आणि माहेरच्या दारात आल्या आल्या ओसरीवर आडवी व्हायची. शकुंतलेत तिला काही होत नसे. गाडी इतकी संथ चालायची, की पोटातलं पाणी हलत नाही, असं ती अभिमानाने सांगायची, जसा काही तो वेग तिने मागून घेतला होता. पोळ्याला, नागपंचमीला, आखाजीला ती यायची ती मोतीबागेत उतरूनच. डोक्यावर गाठोडं, त्यात हंगामानुसार अंबाडी नाहीतर हुरडा नाहीतर तुरीच्या शेंगा, आणि एका हातात चपला. चपला ती गाडीत काढून ठेवायची आणि घरापर्यंत हातातच आणायची.

गाडीची नोकरमाणसं तिला ओळखायची. बहुतेक स्टेशनांवर मास्तर नव्हते. तिकिटं गार्डच फाडायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी फाटक ओलांडून पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. एकदा मी आत्याबाईबरोबर होतो तेव्हा फाटकाशी एक बैलगाडीवाला आडवा झाला. पऱ्हाटीचा भारा भरलेला, बैल तापलेले. ‘मी आधी आलो,’ हा त्याचा मुद्दा. इंजिनवाल्याने थोडा वेळ हुज्जत घातली, मग हात केला. बैलगाडी रूळ ओलांडून गेली आणि मागून आमची आगगाडी निघाली. डब्यात कुणाला त्यात नवल वाटलं नाही. आत्याबाई म्हणाली, ‘त्याचं खरंच होतं.’

ती तिकीट मात्र न चुकता काढायची. तपासायला कुणी फारसं येत नसे, डब्यातले निम्मे लोक फुकटेच असत आणि तिला त्यावरून हसत. तिने एकदा त्यांना उत्तर दिलं ते मी ऐकलंय. ‘फुकट बसलं का मंग थांबव म्हनाले तोंड राहत नाही.’ आणि ती खरंच थांबवायची. लाडखेडच्या अलीकडे तिची वाडी होती. गाठोडं जड असलं की ती दारात उभी राहून गार्डला हाक मारायची, ‘भाऊ, इथंच.’ गार्ड झेंडी दाखवायचा. गाडी जिरून उभी राहायची. आत्याबाई आधी गाठोडं सोडायची, मग चपला, मग स्वतः.

आजोबा वारले त्या वर्षाची गोष्ट सांगायची नव्हती, पण मोतीबागेत उभा राहिलो तेव्हा दुसरं काही आठवलंच नाही. वर्षश्राद्ध झालं आणि मोठेबाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, तिला बोलावणं धाडलं. सकाळच्या गाडीने ये, संध्याकाळच्या गाडीने जा, एका सहीचं काम आहे. ती आली. तिला कचेरीत नेलं. हक्कसोडपत्रावर तिच्या अंगठ्याला शाई लावली, तिथे बसलेल्या माणसाने विचारलं, ‘बाई, राजीखुशीनं देता ना?’ ती म्हणाली, ‘व्हय.’ घरी जिलेबी आणली होती. घर, वाडा आणि अडाण नदीकडचं शेत असं सगळं भावांच्या नावावर झालं आणि तिला एक हिरवं पातळ मिळालं. आमच्याकडच्या घराघरांत हे असंच होत आलंय, कुणी त्याला अन्याय म्हणत नाही. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात, असं म्हणतात. सही केल्यावर किती माहेरं टिकली, हे कुणी मोजलेलं नाही.

तिला स्टेशनवर सोडायला मला पाठवलं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. गाडी उशिरा होती. आत्याबाई तिला उशीर म्हणत नसे, ‘येऊन राह्यली’ म्हणायची. बाकावर बसून तिने पिशवीतलं पातळ काढलं. घडी मोडली नाही, नुसता काठ बाहेर ओढला आणि अंगठ्याने चाचपून पाहिला. तोच अंगठा. शाई नीट धुतली गेली नव्हती, आणि हिरव्या काठाला जांभळट डाग पडला. तिने तो पाहिला, थुंकी लावून घासला, तेवढ्याने तो पसरला. मग तिने काठ आत सारला, पिशवीचं तोंड बांधलं आणि मला विचारलं, ‘बापू, तुही परीक्षा कधी हाये?’ मी काहीतरी सांगितलं. समोर मालधक्क्यावर सरकीची पोती पडली होती, त्यांवर एक कुत्रं झोपलं होतं. ती घराबद्दल काही बोलली नाही. भावांबद्दल बोलली नाही. दूरवर इंजिनाने शिटी मारली तेव्हा उठली आणि कनवटीची पुरचुंडी सोडून पैसे मोजू लागली. मोठेबाबांनी मला तिच्या तिकिटाचे पैसे दिले होते. मी ते पुढे केले. तिने माझी मूठ बंद करून परत माझ्या खिशात घातली.

एप्रिल १९९४ मध्ये वाफेचं इंजिन काढून डिझेल लावलं. फोटोवाले हळहळले. आत्याबाईला बरं वाटलं, कारण लुगड्यावर ठिणग्या पडायच्या बंद झाल्या. पण पुढे रूळ थकले, पूल थकले. गाडी आज आहे, उद्या नाही, असं होऊ लागलं. गेल्या दशकाच्या मध्यावर यवतमाळची गाडी कायमची बंद झाली. आत्याबाईही तोवर थकली होती. एसटीत बसवत नाही आणि गाडी नाही, म्हणून ती माहेरी यायची थांबली. आमच्या घरात सगळे म्हणाले, गाडी बंद झाली म्हणून. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पण गाडी असती तर ती आली असती, हेही खरं आहे. सही घेणाऱ्या भावांच्या दारी ती तोवर येतच राहिली होती.

नागपूरलाही एक मोतीबाग आहे. तिथे २००२ सालापासून छोट्या रुळांच्या रेल्वेचं संग्रहालय आहे, आणि ते चांगलं आहे. इंजिनं पुसून-रंगवून उभी केलीत, कंदील आहेत, जुनी यंत्रं आहेत, पोरांना बसायला छोटी गाडी आहे. मी ते नातवंडं घेऊन आलेल्या आजोबांच्या गर्दीत पाहिलं. आपल्या मोतीबागेतही असंच काही करावं, असं दारव्ह्यातली जाणती माणसं म्हणतात. माझा विरोध नाही. माथेरानची गाडी १९०७ पासून आजवर डोंगर चढते आहे. दार्जिलिंगच्या गाडीला तर १९९९ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे थंड हवा आहे, धुकं आहे, हौशी प्रवासी आहेत. आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ अंश आणि हौस कुणालाच नाही. शकुंतला गरजेवर चालली, आणि गरजेवर चाललेल्या गोष्टी टिकवायला सरकारात खातं नसतं.

अचलपूर-मूर्तिजापूरकडे लोकांनी गाडीसाठी आंदोलनं केली. जुनी गाडी चालू ठेवा, वारसा जपा, अशी मागणी होती. त्यात वारसा हा शब्द पुढे का करावा लागला, ते मला समजतं. स्वस्त तिकीट आणि दारात थांबणारी गाडी हवी, असं म्हटलं तर कुणी बातमी छापत नाही. पण संग्रहालय झालंच, तर त्यात इंजिनाइतकीच त्या बाकाला जागा असावी असं मला वाटतं. बाक अजून असेल तर. मला तो दिसला नाही. जिथे तो होता असं मला वाटतं, तिथे गाजरगवत कमरेइतकं वाढलंय आणि त्यात पाय घालायची माझी छाती झाली नाही.

आता दारव्ह्याला मोठे रूळ येताहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही २८४ किलोमीटरची लाइन. वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पुढचं काम चालू आहे. त्या लाइनवर यवतमाळनंतर दारव्हा, दिग्रस, मग पुसद. ज्या पुसदच्या रुळांना आम्ही धुंडाळत होतो ते असे येणार तर. गावात त्याचा आनंद आहे आणि मलाही आहे. दारव्ह्याचा पोरगा सकाळी बसून नांदेडला दुपारी पोचेल, आजारी माणूस नागपूरला वेळेत जाईल. या गाडीच्या मालकीवरून कुणी काही लिहिणार नाही. ती संथ चालणार नाही आणि फाटकाशी बैलगाडीला आधी जाऊ देणार नाही. खाली बोगदे, वर पूल, फाटक नकोच. हे सगळं ठीक आहे. शकुंतलेच्या मंदपणाचं कौतुक मला करायचं नाही, ते फोटोवाल्यांनी पुष्कळ केलंय. पेशंट घेऊन त्या गाडीत बसलेल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, की बाबा, तुला हा वेग कसा वाटतो.

पण एक हिशेब मी मांडून बघतो. कंपनीकडे करार होता, सरकारकडे गाड्या होत्या, मोठेबाबांकडे कागद होता. आत्याबाईकडे कधीच कशाचा कागद नव्हता, एक तिकीट सोडून. त्या तिकिटाच्या जोरावर तिने मँचेस्टरहून आलेलं इंजिन आपल्या वाडीशी थांबवलं, आणि दारव्ह्यातल्या तिच्या बापाच्या घरावर तिचा जेवढा हक्क कुणी मानला नाही तेवढा त्या गार्डने त्या गाडीवर मानला. नवी लाइन पुरी होईल, वेळापत्रक लागेल. पोरं दारव्ह्याहून नागपूरला किती तास लागतात ते बघतील. मी आधी एवढंच बघणार आहे, की गाडी लाडखेडला थांबते की नाही.