आड, पोहरा आणि ‘पोटेन्शियल’

काही इंग्रजी शब्द आपल्या घरी पाहुणे म्हणून येतात आणि पाहता पाहता घरचे कर्ते होऊन बसतात. ‘पोटेन्शियल’ हा त्यांपैकीच एक. ‘मुलात पोटेन्शियल आहे,’ असे कोणी म्हटले की आईबापांची मुद्रा प्रफुल्लित होते. वस्तुतः त्याचा सरळ अर्थ इतकाच, की चिरंजिवांनी अद्याप काही करून दाखविलेले नाही!

शब्दाचे मूळ लॅटिन, अर्थ सामर्थ्य. १८५३ साली रँकिन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने वस्तूत तिच्या स्थितीमुळे साठलेल्या ऊर्जेस हे विशेषण लाविले. आपली पाठ्यपुस्तके तिला ‘स्थितिज ऊर्जा’ म्हणतात. ती मोजता येते. मनुष्यातील मोजावी कशी?

मराठीत ‘कुवत’ आहे, ‘धमक’ आहे. परंतु कुवत मर्यादा दाखविते आणि धमक कृतीतच दिसते. या शब्दाच्या सर्वांत जवळ येते ती आपली म्हण : ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ मात्र ही म्हण झडती घेते ती आडाची. पोहरा फुटका होता की दोर आखूड होता, याची चौकशी ती करीत नाही.

बीडजवळची खजाना बावडी पाहताना आम्हांस हे प्रथम जाणवले. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमदानीत ती बांधली गेली. तिचे पाणी मोटेवाचून, केवळ उताराच्या बळावर, भुयारी कालव्याने शेतांकडे नेण्याची योजना होती. बांधणारा पाणी लागले एवढ्यावर संतुष्ट राहिला नाही. त्याने वाटही खणली.

आम्ही याच जिल्ह्यात शिक्षकी केली. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात आम्ही मोठ्या कौतुकाने हा शब्द लिहिला होता. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर ऊसतोडीस गेला. उन्हाळ्याच्या तोंडी परतला तेव्हा अपूर्णांक विसरला होता. पुढील वर्षी शाळेत आलाच नाही. ‘पोटेन्शियल वाया गेले,’ असे आम्ही हळहळलो. जणू ते आपोआपच झिरपून गेले! पुढे त्याच गावी हंगामी वसतिगृह निघाले. आईबाप फडावर गेले तरी मुले गावातच राहून शिकू लागली. ती त्याच्याहून हुशार होती, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही.

तेव्हापासून तो शेरा लिहिताना आमचा हात अडखळू लागला. आडात पाणी आहे, हे आम्ही ओळखले होते. दोर मात्र शोधला नव्हता.