क्षेत्राची हद्द

कलनशास्त्राच्या अभ्यासात मी दुहेरी संकलनापाशी आलो तेव्हा आतले संकलन प्रथम करावयाचे, ते चालू असता दुसरे चल स्थिर मानावयाचे, आणि मग बाहेरचे उरकावयाचे, एवढा विधी पाठ्यपुस्तकावरून लवकरच अंगवळणी पडला. परंतु ज्या क्षेत्रावर संकलन करावयाचे त्याची आकृती काढून, मोजणीदाराने शिवार पाहावे तशा त्याच्या हद्दी पाहून मुक्रर केल्यावाचून संकलनचिन्हाला हात लावावयाचा नाही, हा आमच्या प्राध्यापकांचा दंडक होता, आणि विषयाचे खरे मर्म मला तेथेच सापडले.

त्यांनी घातलेले एक उदाहरण असे: क्ष शून्यापासून एकापर्यंत, प्रत्येक क्षसाठी य हा क्षपासून एकापर्यंत, आणि फल म्हणजे ‘ई’चा य-वर्गाइतका घात. प्रथम यविषयी संकलन करू जावे तर या फलाचे संकलन कोणत्याही परिचित फलांच्या सान्त रूपात मांडता येत नाही, आणि वाट तेथेच खुंटते. आकृती काढली तेव्हा मूलबिंदू, (०, १) आणि (१, १) या शिरोबिंदूंचा त्रिकोण दिसला. कर्णापासून वरच्या बाजूपर्यंतच्या उभ्या पट्ट्या सोडून आडव्या पट्ट्या घेतल्या, तर प्रत्येक पट्टी य-अक्षापासून कर्णापर्यंत, म्हणजे बरोबर य एवढ्या लांबीची. तो य गुणक होऊन फलाशेजारी उभा राहिला मात्र, आणि दुर्घट वाटणारे संकलन सहज उलगडून (ई − १)/२, म्हणजे सुमारे ०·८५९, हे उत्तर हाती आले. सतत फलाच्या बाबतीत अशा क्रमबदलास काहीच हरकत नसते. अधिक व्यापक फलांसाठी त्याची सनद ग्विडो फुबिनी या इटालियन गणितज्ञाने १९०७ साली दिली.

ध्रुवीय सहनिर्देशकांत क्षेत्राचा सूक्ष्म तुकडा घेताना त्रिज्येचा गुणक कोठून येतो, हेही आकृतीनेच शिकविले: कोन तोच असला तरी केंद्रापासून दूर जावे तसतसा कंस त्रिज्येच्या प्रमाणात लांबतो. याच गुणकाच्या बळावर ‘ई’च्या उणे क्ष-वर्ग या घाताचे उणे अनंतापासून अनंतापर्यंतचे संकलन साधते. त्याचा वर्ग संपूर्ण प्रतलावरील दुहेरी संकलन म्हणून मांडला की त्रिज्येकडून अर्धा आणि कोनाकडून दोन पाय असे दोन गुणक येतात. वर्ग पाय ठरतो, आणि मूळ संकलन पायचे वर्गमूळ. ज्या सूत्रात वर्तुळाचा मागमूसही नाही तेथे पाय अवतरलेला पाहून मला जो आनंद झाला, तितका गणिताच्या दुसऱ्या कोणत्याही पानाने मला दिलेला नाही.